मेहुण्याला विचारलेला प्रश्न

दादा, तुझ्या शोकसभेत टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, एवढी अक्कल तुझ्या बँकेतल्या लोकांना आहे. तरी वाजल्या. तुमचे ते अध्यक्ष उभे राहिले, डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाले, "असा निःस्पृह माणूस पुन्हा होणे नाही. दंगलीनंतर आपण छोट्या दुकानदारांना मदतीची कर्जं दिली, तेव्हा या माणसानं स्वतःच्या सख्ख्या मेहुण्याचा अर्ज नामंजूर केला!" झालं. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळा हॉल सुरू झाला. तो सख्खा मेहुणा, म्हणजे माझा नवरा, माझ्या शेजारीच बसला होता. त्यानंही वाजवली रे. डोळे पुसत पुसत वाजवली.

मी नाही वाजवली. माझं घर बुडालं, ती गोष्ट तुझ्या नावाची शोभा झाली होती, आणि ती मला तुझ्या बँकेच्या सतरंजीवर मांडी घालून ऐकावी लागत होती. आणि मला सांग, अध्यक्षांना ही गोष्ट कळली कशी? अर्जावर मेहुणा असं काही लिहिलेलं नसतं. मी कुणाला सांगितली नाही. हे तर सांगणारच नाहीत, दुकान गेल्याची ह्यांना अजून लाज वाटते. म्हणजे सांगितलीस तूच. दुपारच्या चहाला, चष्मा पुसत, 'काय करणार, नियम तो नियम' असं म्हणत सांगितली असशील. मला तुझा आवाजसुद्धा ऐकू येतो.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग जिवंतपणी बोलू द्यायचं होतंस! मी तोंड उघडलं की तू "कुसुम, पुरे आता" म्हणायचास आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचास. आता ते तुझ्या हातात नाही. आता ऐक.

आधी तुझं देणं मान्य करते, नाहीतर म्हणशील, कुसुम कृतघ्न. आपल्या शिंप्याच्या घरात मॅट्रिक झालेला पहिला तू. बाबा मला चौथीनंतर काजबटणाला बसवणार होते. तू दोन वेळ जेवला नाहीस आणि मला सातवीपर्यंत शाळेत ठेवायला लावलंस. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत बसून माझी गणितं तपासायचास. आज चार ओळी लिहिता येतात त्या तुझ्यामुळे, आणि त्याच ओळींनी मी तुला फाडून खाते आहे. पण तेव्हाही तुझी एक खोड होती. लगोरीत पंच तू असलास की मी हमखास बाद. चेंडू लागो न लागो. "माझी बहीण आहे, लोक म्हणतील सोडली," असं म्हणायचास. मग घरी आल्यावर स्वतःच्या वाटणीचा आंबा मला द्यायचास. घरात माया आणि दारात न्याय. मला आंबा नको होता रे दादा. मला लगोरी रचायची होती.

जगात सगळीकडे आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तुझं मात्र सगळं उलटं. आणि लोक त्यालाच मोठेपणा म्हणत आले.

ह्यांना चळवळीत ओढलंस तूच. हे बापडे लालबागच्या आपल्या दुकानात मशीनवरची मान वर न करणारे. कोट कापावा तर ह्यांनी, असं परळपासून भायखळ्यापर्यंत लोक म्हणायचे. पण राजकारण म्हणशील तर काही नाही. तू रविवारी जेवायला यायचास. मी बांगड्याचं तिखलं करायची आणि तू भात कालवता कालवता ह्यांना मुंबई कुणाची ते समजावून सांगायचास. मग चौपाटीच्या सभांना न्यायला लागलास. 'झालाच पाहिजे'ची घोषणा करताना ह्यांचा आवाज फुटायचा, मिसरूड फुटलेल्या पोरासारखा. मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

हरताळ जाहीर झाला त्या रविवारी तू काय म्हणालास, आठवतं? हे म्हणाले, "दुकान तर बंदच ठेवायला हवं, दादा. उघडं ठेवलं तर दगड येतील." तू हातातला घास खाली ठेवलास. म्हणालास, "शंकरराव, दगडाच्या भीतीनं फळ्या लावणारा तो नुसता दुकानदार. मनानं लावणारा तो मराठी माणूस. तुम्ही कोण, ते तुम्ही ठरवा." बाई गं, कसलं बोलणं ते! ह्यांना दुपारी झोप आली नाही. संध्याकाळी पाटी रंगवली, 'संयुक्त महाराष्ट्रासाठी हे दुकान बंद आहे', आणि फळीला टांगली. शेजारच्या घड्याळवाल्या सामंतांनी ती वाचली आणि तश्शीच एक स्वतःसाठी ह्यांच्याकडूनच रंगवून घेतली. फुकट.

पुढे गोळीबार झाला, संचारबंदी लागली, माणसं गेली. ते तू पाहिलंस, मी पाहिलं, त्यावर काही लिहीत नाही. ज्यांची माणसं गेली त्यांच्यापुढे आमचं दुकान म्हणजे काय! पण दादा, जगलेल्यांना खायला लागतं. ऐन लग्नसराई होती. ह्यांनी कोटांचं कापड आणि अस्तर उधारीवर भरून ठेवलं होतं. लग्नं कुणी पुढे ढकलली, कुणी गावाला नेली. फळ्या निघाल्या तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं आणि कापडवाल्याचा माणूस रोज पायरीवर येऊन बसत होता. मशीनचे हप्ते थकले. तेवढ्यात तुझ्या बँकेनं मदतीचं कर्ज काढलं. तारण नको, व्याज कमी, फक्त एका समितीसमोर येऊन बोलायचं. मला वाटलं, देव पावला. आणि समितीत प्रश्न विचारायला कोण, तर माझा दादा. मी त्या दिवशी गोड केलं होतं घरात. शिरा.

नियम तू मला आधी सांगितला होतास. दंगलीत ज्याची मोडतोड झाली, किंवा जिवाच्या भीतीनं ज्याला दुकान बंद ठेवावं लागलं, त्याला कर्ज. जो आपल्या मर्जीनं हरताळात उतरला त्याला नाही. मी म्हटलं, "हा कसला नियम? मर्जीनं उतरलेल्याला काय भूक लागत नाही?" तू म्हणालास, "बँक चळवळीला पैसे पुरवते असं सरकारला वाटलं, तर सहकार खातं कुलूप लावेल. मग कुणालाच मिळणार नाही." बरं. तेही पटलं मला. नियम करणारे तुमचे संचालक स्वतः सभेत पुढच्या खुर्च्यांवर बसायचे, पण त्याबद्दलही मी काही बोलले नाही.

लालबागच्या दुकानदारांना तुम्ही शाळेच्या वर्गात बोलावलंत. पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तुझ्या बाजूचे दोघे सहीपुरते. बोलणारा तू. पहिल्या दिवशी सामंतांचा नंबर लागला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर सामंतांची बायको मला सांगायला लागली. हसता हसता तिच्या हातून कळशी निसटत होती. "तुमचे दादा म्हणजे देवमाणूस हो कुसुमताई! ह्यांना काही बोलायलाच लागलं नाही. दादा आपणच म्हणाले, 'जमाव आला असेल, धमकावलं असेल, तुम्ही बायकामुलांच्या काळजीनं फळ्या लावल्यात, असंच ना?' हे म्हणाले, 'हो.' झालं! कर्ज मंजूर!"

जमाव! दादा, त्या दिवसांत सामंत वरच्या मजल्यावर पत्ते कुटत होता. भजी मागवायचा. ते जाऊ दे. पण मग भाजीवाल्या बाईला तसंच, चष्मेवाल्याला तसंच, इस्त्रीवाल्याला तसंच. सगळ्यांच्या तोंडात तू घास भरवलास आणि त्यांना फक्त गिळायचं होतं. मला तुझा अभिमान वाटला. खरंच सांगते. मला वाटलं, बघा, माझ्या दादानं नियमही पाळला आणि माणसंही वाचवली.

तरी मी ह्यांना घरून पढवलं. म्हटलं, "दादा विचारील, भीतीनं बंद केलंत ना? तुम्ही 'हो' म्हणा. एक अक्षर. दुसरं काही बोलू नका." हे म्हणाले, "दादांच्या तोंडावर म्हणू? मी भ्यालो म्हणून?" मी म्हटलं, "अहो, दादाच तर तसं सुचवतोय सगळ्यांना." हे म्हणाले, "सगळ्यांना सुचवत असतील. मला नाही सुचवणार. मला ते ओळखतात." मी कपाळावर हात मारून घेतला. ह्यांनी स्वतः शिवलेला कोट घातला आणि वरबाप निघावा तसे ताठ निघाले.

आणि त्यांचं म्हणणं खरं ठरलं की रे! तू नाहीच सुचवलंस.

परत आले ते फुललेले. म्हणाले, "दादांनी वर बघितलं. नुसतं एवढंच म्हणाले, 'दुकान का बंद ठेवलंत?' बाकी एक शब्द नाही. आजूबाजूला सगळे ऐकत होते. मी उभा राहिलो आणि म्हटलं, 'संयुक्त महाराष्ट्रासाठी. माझ्या मर्जीनं.' दादांनी मान खाली घातली. भरून आलं असेल त्यांना." असा माणूस आहे हा. हात दाखवून अवलक्षण करणारा, आणि वर त्या अवलक्षणाला पेढे वाटणारा. ह्यांना वाटलं, तू सगळ्यांसमोर ह्यांची परीक्षा घेतलीस आणि हे पास झाले. त्या रविवारी जेवताना जे बोलला होतास त्याचं उत्तर ह्यांनी इतक्या दिवसांनी वर्गात दिलं. बाकावरच्या दुसऱ्या कुणाला हा प्रश्न तू असा उघडाबोडका विचारला नव्हतास. एकट्या ह्यांना विचारलास.

अर्ज नामंजूर झाल्याचं कळलं तेव्हाही हे तुझ्यावर चिडले नाहीत. म्हणाले, "नियमच तसा आहे." मीच घरभर भांडी आपटत फिरले.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू बघायला आला नव्हतास, म्हणून सांगते. कंपनीची माणसं मशीन न्यायला आली. ह्यांनी त्यांना थांबवलं, कुपी काढली आणि मशीनला तेल घातलं. मी म्हटलं, "आता कशाला?" म्हणाले, "पुढचा जो चालवील त्याला जड जाऊ नये." दुकानाची जागा मालकानं सामंतांना दिली. त्यांनी मधली भिंत पाडली आणि कर्जाच्या पैशातून काचेचं कपाट केलं. भीतीच्या कर्जातून रे! आता आमच्या दुकानाच्या जागी गजराची घड्याळं टिकटिकत बसलेली असतात. आणि हे दादरला एका तयार सदऱ्यांच्या कारखान्यात कॉलर शिवतात. नुसत्या कॉलर. बाह्या दुसरा शिवतो, काजं तिसरा करतो. ज्यानं लोकांच्या लग्नाचे कोट कापले, त्याला पुरा झालेला सदरा बघायलासुद्धा मिळत नाही. संध्याकाळी घरी आले की बोटं ताणत बसतात, बोलत काही नाहीत. मिठाची गुळणी धरल्यासारखे. ज्या माणसाचा आवाज सभेत फुटायचा, तो माणूस मला पुन्हा कुणी आणून देणार आहे का?

भाऊबीजेला तू आलास. मी पाट मांडला, ओवाळलं. काय करणार, रीत आहे. तू ताटात पाकीट ठेवलंस. जाडजूड पाकीट. माझ्या लक्षात आलं की कर्ज मिळालं असतं तर जेवढे मिळाले असते, त्यातले जमतील तेवढे तू स्वतःच्या पगारातून साठवून आणले होतेस. वहिनीनं त्या दिवाळीला लुगडं घेतलं नव्हतं, ते मला नंतर कळलं.

मी निरांजन खाली ठेवलं आणि विचारलं, "सामंताला विचारलंस तसं ह्यांना का विचारलं नाहीस?"

तू म्हणालास, "सामंत माझे कोण? परक्याला आधार दिला तर ती दया. घरच्याला दिला तर तो पक्षपात."

"सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा, ह्याला न्याय म्हणतात."

"प्रश्न एकच होता, कुसुम. दुकान का बंद ठेवलं."

"उत्तरासकट विचारला तो एक, आणि उत्तराशिवाय विचारला तो दुसरा. सातवी शिकलेल्या बाईला फरक कळतो, तुला कळत नाही?"

तू चष्मा काढलास. म्हणालास, "मी शंकररावांना 'भीतीनं ना?' असं विचारलं असतं, तर माझ्या बाजूला बसलेले दोघे काय म्हणाले असते?"

आलं बघ खरं बाहेर! ते दोघे काय म्हणाले असते! मी तुला म्हटलं, "दादा, हा न्याय नव्हे. ही तुझी शेखी आहे. तुझं नाव स्वच्छ राहावं म्हणून तू माझ्या नवऱ्याच्या दुकानानं ते पुसलंस." वहिनी म्हणाली, "वन्सं, सणाचा दिवस आहे." तू चष्मा पुसायला लागलास. मी पाकीट उचललं. परत करावं, तुझ्या अंगावर फेकावं, असं फार वाटलं. पण घरात पीठ नव्हतं. मला सामंताला मिळालं ते हवं होतं, सहीशिक्क्याचं, व्याजासकट फेडायचं, मान खाली न घालता. तू मला ओवाळणी दिलीस. आणि मी ती घेतली. त्या पाकिटाबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही.

नंतर बोलणं राहिलं, पण वरवरचं. तू आजारी पडलास, परळच्या इस्पितळात ठेवलं, तेव्हा मी रोज पेज घेऊन यायची. घर जवळ म्हणून, असं मी वहिनीला सांगायची. तुझे पाय सुजले होते. ते चेपताना मला तुझी दया यायची आणि त्या दयेचा रागही यायचा. एकदा वहिनी खाली औषध आणायला गेली होती. मी विचारून टाकलं. म्हटलं, "दादा, पुन्हा तोच वर्ग, तेच बाक, हे समोर उभे. काय विचारशील?"

तू छताकडे बघितलंस. मला वाटलं, आता म्हणशील. एक शब्द म्हणशील. तू म्हणालास, "तेच विचारीन."

माझा हात पायावरून निघाला. मग तू म्हणालास, "पण त्या दिवशी त्यांना पाठवू नकोस. तू ये." आणि हसलास. हसता हसता ठसका लागला, तो थांबेना.

म्हणजे तुला ठाऊक होतं तर! मी आले असते तर तुझ्या डोळ्यांत डोळे घालून 'भीतीनं' म्हटलं असतं, आणि तू ते लिहून घेतलं असतंस. तुझा न्याय असा होता, दादा. खोटं बोलता येणाऱ्याला कर्ज आणि खरं बोलणाऱ्याला नियम. हे मला तुला तिथंच सुनवायचं होतं. पण वहिनी औषध घेऊन आली, मी पेजेचं भांडं उचललं आणि घरी गेले. उद्या बोलू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुला बोलता येत नव्हतं.

आता मुंबईसह महाराष्ट्र होणार, असं सगळे खात्रीनं म्हणतात. ते तुला बघायला मिळायला हवं होतं. तुझ्यावर कितीही दातओठ खाल्ले तरी हे मला मनापासून वाटतं. ह्यांना घेऊन गेला असतास, दोघे ओरडला असतात. ह्यांच्या घशातून कदाचित आवाज निघाला असता.

तू गेल्यावर काय झालं ते सांगायचं राहिलं. तुम्हाला मूलबाळ नाही. बँकेकडून तुझं जे निघायचं होतं ते इस्पितळात गेलं. तुमच्या बँकेत म्हणे नोकरांच्या विधवांसाठी महिन्याची मदत असते. पण तिच्यासाठीही चौकशी आलीच. सांभाळणारं जवळचं कुणी असेल तर मदत नाही. चौकशीला आला कोण, तर तुझ्या हाताखाली तयार झालेला तो परब. तुझ्यासारखाच भांग, तुझ्यासारखाच पेन खिशाला लावलेला. जवळचं माणूस म्हणून त्यानं आम्हा दोघांना गिरगावात तुझ्या खोलीवर बोलावलं.

आमच्या घरी तोपर्यंत ठरलेलंच होतं. तू गेलास त्याच दिवशी हे म्हणाले होते, "वहिनींना आपल्याकडे आणू. अर्धी भाकर खाऊ." अर्धी भाकर म्हणणं सोपं असतं. आमच्यात आधीच अर्ध्याच भाकऱ्या भाजल्या जातात. परब येताना दिसला तशी मी ह्यांना खाली पिटाळलं. म्हटलं, "चहाला साखर नाही, घेऊन या, आणि कोपऱ्यावरची नको, लांबच्या दुकानातून आणा." ह्यांना खरं बोलायची खोड आहे, आणि ती किती महाग पडते ते मला माहीत झालं होतं. तुझा सल्ला ऐकला मी, दादा. ह्यांना पाठवलं नाही, मी बसले.

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. मोकळं कपाळ. परबनं पेनाचं टोपण काढलं आणि मला विचारलं, "ताई, वहिनींना तुम्ही सांभाळाल का?"

उघडाबोडका प्रश्न. 'तुमची परिस्थिती नसेल ना?' असं नाही. 'तुम्हाला कसं जमणार?' असं नाही. तुझाच चेला तो. वहिनीनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. तिला माझं उत्तर माहीत होतं. माझी वन्सं तोंडाची फाटकी आहे पण 'हो' म्हणेल, असं तिच्या तोंडावर लिहिलं होतं.

मी म्हटलं, "नाही."

परब म्हणाला, "म्हणजे अडचण आहे म्हणून?"

अडचण म्हटलं असतं तर त्यानं ह्यांचा पगार विचारला असता, खोल्या विचारल्या असत्या, आणि हे साखर घेऊन वर आले असते. मी म्हटलं, "अडचण बिडचण काही नाही. इच्छा नाही. ह्या घरानं माझं घर बुडवलं. हिच्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याला दारातून परत पाठवलं, आणि ही तेव्हा 'सण आहे' म्हणून मला गप्प करत होती. मी हिला उंबऱ्यात उभी करणार नाही. भीक मागितली तरी नाही. लिहा तसं. जसं बोलले तसं लिहा."

परबचं पेन थांबलं होतं. मग त्यानं लिहिलं. वहिनी "वन्सं" एवढंच म्हणाली आणि तिनं तोंड पदरात घातलं.

दादा, ते बोलताना मला बरं वाटलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तिच्यासाठी बोलायला सुरुवात केली, पण पुढे ते कधी माझ्यासाठी झालं ते मला कळलं नाही. तुझ्या तोंडावर म्हणायचं राहिलेलं सगळं मी तिच्या तोंडावर म्हटलं. तिनं काय केलं होतं माझं? दिवाळीला लुगडं घेतलं नाही तिनं आमच्यासाठी. तरी मी थांबले नाही. जिना उतरतानासुद्धा बरं वाटत होतं.

मदत मंजूर झाली. परब फार हळहळला म्हणे. निराधार बाई, सख्खी नणंदसुद्धा विचारत नाही.

परवा तुझं पहिलं मासिक श्राद्ध झालं. ह्यांना बोलावणं होतं, मला नव्हतं. हे जाऊन आले, पाय धुऊन बसले, बोटं ताणली आणि पुष्कळ दिवसांनी आपणहून बोलले. म्हणाले, "वहिनी विचारत होत्या, वन्सं असं का बोलल्या? फार रडत होत्या. मला राहवत नाही. मी खरं काय ते सांगून टाकू का?"

मी म्हटलं, "खबरदार. तुम्हाला माझी शपथ आहे." हे म्हणाले, "पण त्यांचा गैरसमज?" मी म्हटलं, "असू द्या गैरसमज. त्याच्यावर ती जेवते आहे." कारण दादा, तिला खरं कळलं तर ती एक रात्र थांबायची नाही. सकाळी नेसून बँकेत जाईल, परबसमोर उभी राहील आणि म्हणेल, माझी नणंद मला सांभाळायला तयार आहे, हे पैसे माझे नव्हेत. अगदी असंच म्हणेल. तुझीच बायको ती.